दस्तूर बळीराम

४ ऑक्टोबर १९६२

आज पुन्हा थामबाबूकडे जाऊन आलो. आईला सांगितलं, कचेरीत उशीर झाला. खोटं बोलायची काही गरज नव्हती, सवयीनं बोललो. ही वही मात्र खरं लिहायला घेतली आहे. आईला वाचता येत नाही, त्यामुळे लपवायची कटकट नाही.

थामबाबू म्हणजे सदर बाजारातला चिनी माणूस. चार टेबलं, बारा खुर्च्या, मागं भट्टी आणि भट्टीपाशी न बोलणारी त्याची बायको. कलकत्त्याहून अडतीस साली इथं आला. तेव्हा मी दोन वर्षांचा होतो, म्हणजे नागपुरात आम्ही दोघं जवळजवळ सारखेच जुने. त्याच्याकडे बांबूच्या गोल टोपल्यांत वाफवलेले डिमसम मिळतात. मैद्याची पारी इतकी पातळ की आतल्या खिम्याचा रंग बाहेरून दिसतो. तोंडात टाकला की आधी आलं आणि कांद्याची पात लागते, मग आतला गरम रस जिभेवर येतो आणि डोळ्यांत पाणी उभं राहतं. चार आण्यांना चार, वर बिनदुधाचा चहा पाहिजे तेवढा. माझ्यासारख्या तात्पुरत्या कारकुनालाही आठवड्यातून दोनदा परवडतं. मी चारही एकदम खात नाही. तीन खाऊन थांबतो, चहा घेतो, मग चौथा.

लहानपणी बाबांबरोबर कुठल्या हॉटेलात गेलो तर आम्ही पायरीखाली उभे राहायचो आणि आमच्यासाठी ठेवलेले कप आम्हीच विसळून परत ठेवायचो. थामबाबूनं मला पहिल्या दिवशी फक्त एवढंच विचारलं होतं, तिखट चालेल का. मला वाटतं, मी तिथं जातो त्यातलं अर्धं कारण डिमसम आणि अर्धं हे.

६ ऑक्टोबर

आमच्या इंदोऱ्याच्या वस्तीत गोंधळ आहे. परवा धम्मचक्र दिन, आणि जे भंतेजी येणार होते ते कामठीला तापानं पडलेत. आता त्रिसरण द्यायला कोण? चर्चा चालू असताना आई एकदम म्हणाली, "तुह्या त्या हॉटेलवाल्याले बोलाव ना गा."

म्हणजे तिला सगळं माहीत आहे. आमच्या आईपासून, मैनाबाईपासून काही लपवणं म्हणजे गिरणीच्या भोंग्यापासून सकाळ लपवणं.

"तो चीनचा होय ना? तिकडचे सारे बुद्धाचेच असतात, सभेत सांगतलं होतं. तो जलमाचा बौद्ध. आपण तं सहा वर्साचे."

वस्तीला हे फारच पटलं. संध्याकाळी मी भीतभीत थामबाबूला विचारलं. तो इतका हसला की त्याला पंच्यानं डोळे पुसावे लागले. म्हणाला, "मेरे घर में चूल्हे का देव है, और माँ-बाप का फोटो. बुद्ध का मेरे को कुछ नहीं मालूम, जागेश्वरबाबू. तुमको जास्ती मालूम." मग पंचा खांद्यावर टाकून म्हणाला, "लेकिन तुम्हारी माँ ने बुलाया है तो आयेगा."

मी घरी येऊन आईला शेवटचं वाक्य तेवढं सांगितलं.

८ ऑक्टोबर

कार्यक्रम झकास झाला. थामबाबू पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून आला, मागून रिक्षात त्याच्या टोपल्या. आईनं पाया पडायला वाकून त्याच्या पायाला हात लावला तेव्हा तो विंचू दिसल्यासारखा मागं सरकला. त्रिसरण आम्हीच म्हटलं. त्याचे ओठ आमच्या मागून हलत होते, कविता पाठ नसलेल्या पोराचे हलतात तसे. कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तरी कोणी बोललं नाही.

टोपल्यांमध्ये कोबी-गाजराचे डिमसम होते, सगळ्या वस्तीला पुरतील एवढे. एक म्हातारी म्हणाली, हे तं आपल्या वरणफळातल्या फळासारखं आहे, वरण कुठी आहे? थामबाबूनं पैसे घेतले नाहीत.

शेवटी ताराचंदनं फोटो काढला. तो वस्तीतलाच, सीताबर्डीवर त्याचं फोटोचं दुकान आहे. मधोमध खुर्चीवर थामबाबू, गळ्यात झेंडूचा हार. उजव्या हाताला मी, त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, जणू मीच त्याला चीनहून आणला.

२२ ऑक्टोबर

चीनशी लढाई सुरू झाली. पानठेल्यावरच्या रेडिओभोवती ही गर्दी. आपली ठाणी पडली म्हणतात. आमच्या कचेरीतल्या एकाचा भाऊ तिकडे आहे, तो दिवसभर खुर्चीवर नुसता बसून होता. मलाही राग आला, छाती भरून आली. आणि त्याच वेळी, खरं लिहायचं म्हणून लिहितो, पहिला विचार आला तो झेंडूच्या हाराचा.

२४ ऑक्टोबर

तो फोटो ताराचंदनं मोठा करून दुकानाच्या दर्शनी काचेत लावलाय.

सीताबर्डीवरून सायकलनं चाललो होतो, सहज नजर गेली आणि तोल जाता जाता वाचला. सगळ्यात वरती, मधोमध. खाली जाड अक्षरात 'धम्मचक्र दिन १९६२'. थामबाबूचा चेहरा स्पष्ट, माझा त्याहून स्पष्ट. दोन माणसं काचेपुढे उभी राहून पाहत होती. मी उतरलो नाही.

माझं गणित सरळ आहे. तीन वर्षं तात्पुरता आहे. येत्या थंडीत कायम व्हायचं आहे, आणि त्याआधी पोलिसांची चौकशी होते: माणूस कसा आहे, कोणात ऊठबस करतो. वस्तीतला सरकारी नोकरीतला पहिला माणूस मी. आई अजून बिड्या वळते, ते मी कायम झालो की थांबणार असं ठरलंय. आणि मी सीताबर्डीच्या भर रस्त्यात, काचेच्या आत, चिन्याच्या खुर्चीवर हात ठेवून उभा आहे.

उद्या ताराचंदला सांगतो, काढ म्हणून.

२५ ऑक्टोबर

गेलो होतो. ताराचंद म्हणाला, "पाह्यलं का? आजवरचा माहा सगळ्यात भारी फोटो आहे गा. उजेड पाह्य कसा आला." मी म्हटलं, हो, उजेड चांगला आला आहे. आणि परत आलो.

काढ म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं.

२७ ऑक्टोबर

काल आणीबाणी जाहीर झाली. कचेरीत एक दिवसाचा पगार संरक्षण निधीला द्यायचं ठरलं, सगळ्यांनी दिला. दुपारी डबा खाताना गिरिधर बडेबाबूंनी मला जवळ बोलावलं. माझ्या कायम होण्याच्या कागदावर पहिली सही त्यांची.

"काय नगरारे, तू त्या सदरच्या चिन्याकडे जात होता म्हणे?"

"मी? नाही जी. आमच्या घरी बाहेरचं खातच नाहीत."

कुठून सुचलं देव जाणे. बडेबाबूंनी मान डोलावली, डब्यात बघत म्हणाले, "बरं आहे. मी पण कधी गेलो नाही." त्यांना कोणी विचारलं नव्हतं. हे ते मला का सांगत होते ते कळलं नाही. बहुतेक मला पारखत होते.



१ नोव्हेंबर

थामबाबूच्या दुकानासमोर पानठेल्यावर साध्या कपड्यांतला एक माणूस बसतो, आत जाणाऱ्याचं नाव विचारून वहीत लिहून घेतो, अशी बातमी आहे. खरं-खोटं बघावं म्हणून मी समोरच्या फुटपाथवरून गेलो. म्हणजे चोराच्या मनात चांदणं. माणूस होता. वहीही होती.

दुकानाच्या पाटीवर कोणी डांबर फासलंय. चारही टेबलं रिकामी. थामबाबूनं मला पाहिलं. मला वाटलं हाक मारतो आता. त्यानं हाक मारली नाही. वळला आणि पुसलेलंच टेबल परत पुसू लागला.

मी घरापर्यंत जवळजवळ पळत आलो. आईनं विचारलं, काहून घामाघूम झाला? म्हटलं, सायकल पंक्चर होती. सायकल मी नेलीच नव्हती, दारातच उभी होती.

६ नोव्हेंबर

फोटो काचेत नाही.

आज पाहिलं तर तिथं कोणाच्या तरी लग्नाचा फोटो. ताराचंदचं दुकान उघडं होतं, पण आत दोन गिऱ्हाइकं होती, आत जायची हिंमत झाली नाही. फोटो कोण नेईल? ताराचंद स्वतः तर काढणार नाही, त्याला तो एवढा आवडतो. म्हणजे नेला असेल तर पोलिसांनीच. म्हणजे या क्षणी कुठल्या तरी टेबलावर माझा चेहरा पडलेला आहे आणि कोणी तरी बोट ठेवून विचारतंय, हा उजव्या हाताचा कोण?

जेवलो नाही. आई ताटापाशी बसून राहिली.

९ नोव्हेंबर

दिवेलागणीला थामबाबू घरी आला. मागच्या बोळातून आला, मान खाली घालून. मी खाटेवर होतो तो ताडकन उठून आधी दार लावलं, मग 'बसा' म्हटलं. आईनं ते बघितलं.

त्याला ठाण्यावर बोलावलं होतं. फौजदार म्हणाला, इथल्या पंचवीस-तीस चांगल्या लोकांचा कागद आण की हा माणूस बरा आहे, चोवीस वर्षं ओळखतो. नाहीतर दुसऱ्या चिन्यांना धरून ठेवतायत त्या छावणीत तुला आणि बायकोला पाठवतो. मुदत महिनाभर. "कलकत्ता में अब मेरा कोई नहीं," तो म्हणाला. "सब यहीं है. भट्टी यहीं है."

आईनं माझ्याकडे बघितलं. तेव्हा थामबाबूच घाईनं म्हणाला, "नहीं नहीं, जागेश्वरबाबू का नहीं. उसका नौकरी है. दूसरे लोग."

माझा जीव भांड्यात पडला. असा पडला की आवाज आला असेल.

आई म्हणाली, "आमचे आंगठे चालतीन का?"

११ नोव्हेंबर

आज जे केलं ते लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो.

आईनं दोन दिवस बिड्या बाजूला ठेवून घरोघर फिरून एकतीस अंगठे जमवले. पहिला तिचा. मजकूर मी लिहिला. मजकुराला नाव नसतं, म्हणून हरकत नाही असं मनाला समजावलं. तरी अक्षर डावीकडे कलतं काढलं. मग अंगठ्यांपुढे नावं. मग शेवटची ओळ.

सातवीत असल्यापासून मी वस्तीचे कागद लिहितो. अंगठ्याखाली लिहायचं असतं: 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा अमुक हिचा', आणि ज्यानं ते लिहिलं त्यानं खाली 'दस्तूर' म्हणून स्वतःचं नाव घालायचं. त्याशिवाय अंगठा म्हणजे नुसता शाईचा डाग. लिहिता येणारा कोणी तरी म्हणाला पाहिजे की हो, माझ्यासमोर उठवला.

"घाल तुहं दस्तूर," आई म्हणाली. अंगठ्याची शाई ती चुलीच्या राखेनं घासत होती.

माझ्या डोळ्यांपुढे ते टेबल आणि तो फोटो. पेन कागदावर टेकवलं आणि लिहिलं: दस्तूर, बळीराम नगरारे.

बळीराम म्हणजे माझे बाबा. जाऊन नऊ वर्षं झाली. मेलेल्या माणसाला कोण धरायला येणार? आणि आईला काय वाचता येतंय?

तिनं कागद दिव्यापाशी धरून बराच वेळ बघितला. म्हणाली, "किती नेटकं लिवतं तू." पुढं म्हणाली, "तुह्या बापाले लई आवडलं असतं."

१२ नोव्हेंबर

पहाटे जागा झालो तो दरदरून घाम फुटून. मी किती मूर्ख आहे. माझं पूर्ण नाव जागेश्वर बळीराम नगरारे. कचेरीच्या प्रत्येक कागदावर, चौकशीच्या प्रत्येक फॉर्मवर बाबा माझ्या नावाच्या मधोमध बसलेत. नागपुरात नगरारे असतील पन्नास, पण बळीराम नगरारे आणि इंदोऱ्याचा, असा फौजदाराला शोधायला किती वेळ लागणार? लपायला गेलो तो आपल्याच घरात, आणि वर खोट्या सहीचा गुन्हा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

उठून आईला थांबवावं म्हटलं तर अंथरूण रिकामं. ती सकाळीच बायकांना घेऊन ठाण्यावर गेली होती. कचेरीत दिवसभर दार वाजलं की मी उभा राहत होतो. बडेबाबू म्हणाले, नगरारे, मूळव्याध झाली का?

संध्याकाळी घरी आलो. आई पाणी तापवत होती.

"काय झालं?"

"कागद नाई चालला. फौजदारानं सारा वाचून दाखवला. पयल्यापासून शेवटपर्यंत."

"मग?"

"म्या म्हटलं, चूक झाली साहेब, वापस द्या, दुसरा आणतो. वापस घेतला. हे काय, पाण्याखाली घातला."

चुलीत खरंच कागदाची काळी पापडी होती. मला इतकं हायसं वाटलं की मी मटकन खाली बसलो. कागद ठाण्यात राहिला नाही. तिला काही कळलं नाही, कसं कळणार. काय चूक होती ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. आज पोटभर जेवलो.

१५ नोव्हेंबर

ताराचंद भेटला. मी सहजच विचारतोय असं दाखवत म्हटलं, तो फोटो दिसत नाही आजकाल. मनात तयारी होती की म्हणेल, पोलीस आले होते.

"थामबाबू येऊन काढाले लावला ना गा. मी काढून नव्हतो राह्यलो, तं हात जोडले त्यानं. म्हणे, माहं जे व्हायचं ते होईन, त्या पोट्ट्याची नोकरी आहे, त्याचं तोंड काचेतून काढ. फोटोवरची काच पण घेऊन गेला, म्हणे कोणी रिकामी काच पाहून विचारलं तं."

काच न्यायची काय गरज होती, असं ताराचंद हसत म्हणाला. मी पण हसलो. मग रस्त्याकडेच्या मुतारीच्या मागं जाऊन उभा राहिलो. मला स्वतःची किळस आली. आणि किळस असतानाही भीती जागची हलली नाही.

१७ नोव्हेंबर

आईनं एक नवीनच टूम काढली आहे. जेवण झाल्यावर पाटी घेऊन बसली. कुठून आणली कोण जाणे.

"मले माहं नाव लिवाले शिकव."

मी म्हटलं, आता या वयात? ती म्हणाली, "काहून? आंगठा घासून घासून कंटाळा आला." मला बरंच वाटलं. इतकी वर्षं मागं लागलो होतो तेव्हा ऐकत नव्हती. म्हटलं, आता मात्र ही वही पत्र्याच्या पेटीत ठेवावी लागणार.

'म' आजच आला. दोन मात्रा मात्र एकमेकींवर पडतात.

२२ नोव्हेंबर

लढाई थांबली. कचेरीत सगळे जरा मोकळे बोलत होते. पण थामबाबूची मुदत थांबलेली नाही, आणि समोरचा वहीवाला माणूसही उठलेला नाही. चौकशीचा शिपाई माझ्यासाठी केव्हा येणार ते कळत नाही. लढाई संपली तरी माझी धडधड तशीच आहे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय.

आई 'मैना' लिहिते. 'बाई' डोंगराएवढी मोठी येते.

२८ नोव्हेंबर

'मैनाबाई नगरारे'. संपूर्ण, न बघता, पाच वेळा. अक्षर तिच्यासारखंच, ठेंगणं आणि ठाम. मी शाबासकी दिली. तिनं पाटी पुसली, परत लिहिलं, परत पुसली. बोटांना बिडीच्या तंबाखूचा रंग आणि त्यावर पाटीची पांढरी धूळ.

१ डिसेंबर

आज पाटी घेऊन बसली आणि म्हणाली, "आता दस्तूर शिकव."

मी विचारलं, काय?

"दस्तूर. नावाच्या आंधी लिवते ते."

तिचं लक्ष पाटीकडे होतं. माझ्याकडे तिनं बघितलंच नाही. तरी माझ्या कानांतून गरम वाफा निघाल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, असं ती म्हणाली होती. म्हणजे भर ठाण्यात, तीस बायकांसमोर, फौजदारानं तिच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव वाचलं, आणि विचारलं असेल, कोण हा, कुठं आहे. आणि तिनं तो कागद तिथं राहू दिला नाही. कशासाठी, ते मला आज कळलं. एकोणीस दिवसांनी.

"नवीन कागद केला का?" मी विचारलं.

"कोर्टातल्या अर्जनवीसानं लिवून देल्ला. दस्तूर घालाले कोणी तयार नाई. तो म्हणे, चिन्याच्या कागदावर माहं नाव नको. ताराचंदनं कानाले हात लावले. म्हणून म्हटलं, आपणच शिकावं."

"आई, मी घालतो."

"राहू दे. तुही नोकरी आहे."

त्यात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोललो असतो. मी खडू घेतला आणि 'द' काढून दाखवला. 'स्त' तिला जमेना. अर्धा 'स' आणि त्याला चिकटलेला 'त', आणि त्याला खाली ऊकार. रात्री दिव्याचं तेल संपत आलं तेव्हा जमला.

४ डिसेंबर

आई आज ठाण्यावर गेली. तीस अंगठे, आणि खाली दस्तूर मैनाबाई नगरारे. मी कचेरीत होतो. गेलो नाही. खरं लिहायचं तर निघालो होतो, लायब्ररीच्या वळणापर्यंत, आणि परत फिरलो.

संध्याकाळी तिनं सांगितलं. फौजदाराला खरं वाटेना. म्हणाला, बाई, माझ्यासमोर लिहून दाखव. तिनं लिहिलं. किती वेळ लागला विचारलं तर म्हणाली, त्याचा चहा संपून कप उचलून नेईपर्यंत. मग त्यानं कागद ठेवून घेतला. थामबाबूला दर सोमवारी ठाण्यावर हजेरी द्यावी लागेल, पण पाठवणार नाहीत. भट्टी इथंच.

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना बापा. पाय काय कापून राहिले होते. बसाले सांगतलं नसतं तं लिवताच नसतं आलं."

मला इतके दिवस वाटत होतं की या घरात भीती फक्त मला वाटते.

९ डिसेंबर, रविवार

आज आईला थामबाबूकडे घेऊन गेलो. मीच म्हटलं, चाल. म्हटलं खरं, पण सदर जवळ आलं तसा मी तिच्या मागं पडत गेलो. पानठेल्यावर तो माणूस होता. आईनं विचारलं, हाच का तो? मी हो म्हटलं. ती पदर सारखा करून सरळ आत गेली आणि दारासमोरच्या टेबलावर बसली. खुर्चीवर बसून हॉटेलात खायची तिची पहिलीच वेळ. पाय जमिनीला पुरत नव्हते.

थामबाबू भट्टीपाशी नुसता उभा राहिला. मग बायकोला आतून बाहेर बोलावलं. ती आली, आईसमोर उभी राहिली, आणि आत गेली. पाच मिनिटांत टोपली आली. झाकण काढल्यावर वाफ आईच्या चेहऱ्यावर गेली आणि तिनं डोळे मिटले. पहिला खाल्ला. म्हणाली, "खिमा बारीक आहे. हे कोबीच्यापेक्षा चांगले." दुसरा खाल्ला. मी एकच खाल्ला होता, दुसऱ्याला हात घातला नाही, कारण मला दारात सावली दिसली.

तो माणूस आत आला. जवळून बघितलं तर माझ्याच वयाचा, कॉलर फाटलेली. वही उघडून म्हणाला, "नावं सांगा."

थामबाबू पुढं झाला. "साहब, ये लोग मेरे को मिलने..."

"मिलाले नाई," आई म्हणाली. "खायाले आलो." आणि हात पुढं केला. "आण, मी लिवते."

तो गोंधळला. तिनं त्याच्या हातातून वही घेतली, पेन्सिल घेतली, बोटं पदराला पुसली. मी तिच्या शेजारी बसून बघत होतो. म. दोन मात्रा. न. ती अजिबात घाई करत नव्हती, आणि तो माणूस थांबला. बाहेर दोघं-तिघं गोळा झाले होते. त्यांच्यात माझ्या कचेरीतलं कोणी आहे का ते मी आधी बघितलं, हे लिहून ठेवतो.

तिनं नाव पुरं केलं आणि वही त्याला परत द्यायला उचलली. माझ्यापुढे केली नाही. तिनं ती माझ्यापुढे केली नाही म्हणूनच मी हात पुढं केला असेन. वही तिच्या हातातून घेतली. पेन्सिल घामानं ओली होती, तिच्या की माझ्या माहीत नाही. तिच्या नावाखाली मी लिहिलं: जागेश्वर बळीराम नगरारे. अक्षर माझं, सरळ. मग त्याच्यापुढे कचेरीचं नाव, आणि हुद्दा: लिपिक, तात्पुरता.

त्यानं ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, वही मिटली आणि गेला. उद्या काय होईल मला माहीत नाही. बसल्या जागी माझे गुडघे टेबलाखाली एकमेकांवर आपटत होते आणि ते आईला ऐकू येत असावं.

"खा," ती म्हणाली. टोपलीत तीन उरले होते. आम्ही ते खाल्ले. गार झाले होते.